सुपारीच्या बेटावर सहा दिवस

या मासिकांत परदेशच्या सफरीचा लेख पाहून कित्येक वाचक कपाळास आठ्या घालतील, हें मी जाणून आहें. खताचे भाव, गड्यांची टंचाई आणि वानरांचा उपद्रव हे विषय बाजूस ठेवून आगरवाल्यानें विमानाच्या गोष्टी कां सांगाव्या, असा प्रश्न २०२४ सालापर्यंत मीच दुसऱ्या कोणास केला असता. परंतु फेब्रुवारी २०२५ मध्यें आम्ही उभयतां मलेशिया देशांतील पिनांग बेटावर सहा दिवस राहून आलों. घरचा उंबरठा ओलांडल्यापासून परत येईपर्यंत दोघांचा मिळून खर्च ७३,६०० रुपये झाला. आणि तेथें जें पाहिलें त्यांतील बराच भाग आमच्याच आगराशीं निगडित निघाला. म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमचें आगर श्रीवर्धन तालुक्यांत, समुद्राची गाज ऐकूं येईल इतक्या अंतरावर आहे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलें, त्याची आठवण रायगडच्या वाचकांस निराळी करून देण्याचें कारण नाहीं. सकाळीं उभें असलेलें आगर संध्याकाळीं आडवें झालें होतें. साडेचारशें पोफळींपैकीं सत्तर उभ्या राहिल्या. त्यांच्या सावलींत वाढविलेलीं जायफळाचीं चवदा झाडें होतीं, त्यांतील पांच मोडलीं. उरलेल्या नवांवर आयुष्यांत पहिल्यानेंच थेट ऊन आल्यामुळें त्यांचीं पानें होरपळून गेलीं. पोफळ नव्यानें लावली तर धरावयास सहा-सात वर्षें जातात. तेवढा काळ घर कसें चाललें, तें आमच्या सौ. लाच ठाऊक. कोकमाचें आगळ, आमसुलें, फणसपोळ्या हा सारा तिचा उद्योग. त्या पैशांत मीं कधीं हात घातला नाहीं, आणि २०२४ च्या अखेरीस त्यांत ऐशीं हजार रुपये सांठले आहेत असें तिनें सांगितलें, तेव्हां मी चकितच झालों.

त्या पैशांतून सुपारी सोलण्याचें यंत्र घ्यावें असें माझ्या मनांत होतें. तसें मीं बोलूनहि दाखविलें. त्यावर ती म्हणाली, “यंत्र पुढच्या वर्षींहि मिळेल. माझे गुडघे पुढच्या वर्षीं असेच राहतील, हें कोणी लिहून दिलें आहे काय?” आमच्या लग्नास अठ्ठावीस वर्षें झालीं. पंढरपूर आणि गाणगापूर यांपलीकडे तिचा प्रवास नाहीं; आणि आगराचें शिंपणें चुकवितां येत नसल्यामुळें दोघांनीं एकाच वेळीं घर सोडल्याचा प्रसंग तर मुळींच नाहीं. मला यापुढें बोलतां आलें नाहीं.

पिनांगच कां, असें पुष्कळांनीं विचारलें. शेजारचा एक मुलगा जहाजावर नोकरीस आहे. त्यानें बोलतां बोलतां सांगितलें होतें कीं, मलायी भाषेंत ‘पुलाऊ’ म्हणजे बेट आणि ‘पिनांग’ म्हणजे सुपारी. सुपारीच्या झाडांवरून त्या बेटास नांव पडलें आहे. सौ. नें ती गोष्ट मनांत धरली होती. वादळानें आपल्या पोफळी नेल्या, निदान पोफळीच्या नांवाचें गांव तरी पाहूं, असें तिचें म्हणणें. सुपारीची सोलणी आटोपली होती, आंब्याचीं कलमें आमच्याकडे मोजकींच. पुतण्यानें शिंपण्याचा भार घेतला आणि आमचें जाणें ठरलें.

आरंभींच एक ठोकर खाल्ली, ती सांगून टाकतों म्हणजे इतरांस उपयोगी पडेल. १ डिसेंबर २०२३ पासून मलेशिया सरकारनें भारतीय प्रवाशांस ३० दिवसांपर्यंतच्या मुक्कामास व्हिसा माफ केला. ही माफी मुदतीची असल्यामुळें निघण्यापूर्वीं ती चालूं आहे कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें पाहून घ्यावें. व्हिसा नसला तरी तेथें उतरण्यापूर्वीं तीन दिवसांच्या आंत एक आगमनपत्रिका संगणकावर भरावी लागते. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट भरतां येते. आम्हांस हें माहीत नव्हतें. जवळच्या एका गांवच्या इसमानें ती भरून देण्याबद्दल आमच्याकडून १,२०० रुपये घेतले. मुंबईच्या विमानतळावर एका कॉलेजांतल्या मुलानें आमच्यासमोर आपली पत्रिका पांच मिनिटांत भरली, तेव्हां सौ. नें माझ्याकडे नुसतें पाहिलें.

विमानाचीं तिकिटें तीन महिने आधीं काढलीं म्हणून दोघांचें जाणेंयेणें ४१,२०० रुपयांत बसलें. स्वस्त विमानांत माणशीं सात किलोंची एक पिशवी फुकट नेतां येते. त्याहून अधिक बोजा नेल्यास मग स्वस्ताई कसली! चार कपडे, भाजणी, थोडे लाडू आणि छत्री एवढ्यावर आम्हीं भागविलें. मुंबईहून रात्रीं निघालों तों ८ तारखेस सकाळीं क्वालालंपूर. तें शहर न पाहतांच आम्हीं उत्तरेकडची बस धरली. पांच-साडेपांच तासांचा हा रस्ता बहुतेक तेलताडाच्या लागवडींतून जातो. मैलोगणती एकच झाड, एकाच अंतरावर, एकाच उंचीचें. प्रथम डोळ्यांस बरें वाटतें. तासाभरानें आगरवाल्याच्या जिवास कांहींतरी चुकल्यासारखें होऊं लागतें. ज्यांत केळ नाहीं, मिरवेल नाहीं, अळूचा वाफा नाहीं, त्यास आपण बाग म्हणत नाहीं.

पिनांग बेट आणि मुख्य भूमि यांना जोडणारे दोन पूल आहेत. एक १९८५ चा आणि दुसरा २०१४ चा. त्यावरून जाणाऱ्या बसगाड्याहि मिळतात. आम्ही मात्र अलीकडच्या बटरवर्थ या गांवीं उतरून फेरीबोटीनें गेलों. भाडें दोन रिंगिट, म्हणजे आमच्या वेळच्या दरानें सुमारें ४० रुपये. पाव तासाच्या आंत जॉर्ज टाऊन शहराचा धक्का लागतो. धक्क्यावर राज्याचें निशाण फडकत होतें: निळा, पांढरा व पिवळा असे तीन उभे पट्टे आणि मधल्या पट्ट्यावर एक झाड. सौ. नें तें निरखून पाहिलें आणि म्हणाली, “अहो, ही पोफळ!” खरोखरच ती पोफळ होती. मात्र पुढल्या सहा दिवसांत बेटावर खरी पोफळ आम्हांस जेथें तेथें शोधावी लागली. दिसल्या त्या बहुतेक शोभेसाठीं लावलेल्या. नांव आणि निशाण राहिलें, पीक गेलें.

उतरावयाची जागा जुन्या चिनी पेढीच्या माडीवर होती. ८५ रिंगिट रोज. छायाचित्रांत खोली हवेशीर दिसत होती; प्रत्यक्षांत तिला खिडकीच नव्हती. परदेशी प्रवाशांवर दर खोलीस दर रात्रीं १० रिंगिट सरकारी कर असतो, तोहि जाहिरातींत लिहिलेला नव्हता. पहिल्या दोन रात्रीं आम्हीं पंख्याकडे पाहत काढल्या, तिसऱ्या दिवशीं खिडकीची खोली मोकळी झाली. तेथून खालच्या बोळांतील दिव्याखालीं चाललेली खाद्यपदार्थांची विक्री मध्यरात्रीपर्यंत दिसे. सौ. ला ती खिडकी इतकी आवडली कीं एका रात्रीं ती बारा वाजेपर्यंत तेथून हललीच नाहीं.

शहराचा जुना भाग २००८ सालीं जागतिक वारसा म्हणून गणला गेला. ११ ऑगस्ट १७८६ रोजीं फ्रान्सिस लाइट यानें ईस्ट इंडिया कंपनीतर्फें या बेटाचा ताबा घेतला आणि नंतर चिनी, तमिळ, मलायी, अरब अशा नाना देशांच्या लोकांनीं येथें पेढ्या घातल्या. अर्ध्या कोसाच्या आंत मशीद, चिनी देऊळ, ख्रिस्ती देऊळ आणि १८३३ सालचें महामारिअम्मनचें मंदिर अशीं सारीं पायीं पाहतां येतात, आणि त्यास छदाम लागत नाहीं. शहरांत एक फुकट बसहि फिरते. भिंतींवर काढलेल्या नव्या चित्रांपुढें फोटोसाठीं तरुण मंडळींच्या रांगा लागल्या होत्या. आम्ही त्या ओलांडून पुढें गेलों. समुद्रांत खांब रोवून त्यावर वसविलेल्या चिनी कोळ्यांच्या वाड्या मात्र आम्हीं दोनदां पाहिल्या. फळ्यांच्या वाटेवर तुळशीप्रमाणें ठेवलेल्या कुंड्या, आणि खालीं भरतीचें पाणी.

जेवणाविषयीं आम्हांस मोठी धास्ती होती. ती पहिल्याच दिवशीं गेली. तमिळ खाणावळींत केळीच्या पानावर भात मिळतो. तमिळ मुसलमानांच्या दुकानांतील ‘नासी कांदार’ नांवाचा भात पूर्वीं खांद्यावरच्या कावडींतून विकीत, त्यावरून तें नांव पडलें. परंतु मुख्य गोष्ट सांगावयाची ती लाक्साची. ‘आसाम लाक्सा’ असें पाटीवर वाचून मीं हा चहाच्या मुलखांतला पदार्थ असावा असा तर्क केला. वास्तविक मलायी भाषेंत ‘आसाम’ म्हणजे आंबट. तांदुळाच्या जाड शेवया, त्यावर माशाचें दाट आंबट-तिखट कालवण, वर काकडी, कांदा, अननस आणि पुदिना. सौ. नें पहिला घोट घेतला, चमचा खालीं ठेवला आणि म्हणाली, “हा बांगडा.” दुकानदारणीनें टोपलींतला मासा दाखविला, तो बांगडाच होता, तिकडे त्यास ‘केंबुंग’ म्हणतात. आंबटपणासाठीं चिंच आणि ‘आसाम गेलुगोर’ या फळाच्या वाळविलेल्या चकत्या घालतात. हें झाड आपल्या कोकमाच्याच जातकुळींतलें. त्या चकत्या सौ. नें हातांत घेऊन हुंगल्या, चाखल्या, आणि आंबटपणा उत्तम पण आमसूल घातलें असतें तर रंगहि आला असता, असा अभिप्राय दिला. एका वाडग्यास सहा ते सात रिंगिट पडत. सहा दिवसांच्या जेवणखाणास दोघांस मिळून ३४० रिंगिट लागले.

आमच्या मुक्कामांत थैपुसमचा उत्सव आला. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकेय, त्याचा हा तमिळ लोकांचा सण. २०२५ सालीं तो ११ फेब्रुवारीस होता. आदल्या दिवशीं पहांटे रथ निघतो. चांदीच्या रथास बैल जुंपलेले पाहून आम्हां दोघांसहि आपलें माणूस भेटल्यासारखें झालें. रथाच्या वाटेवर दोन्ही बाजूंस नारळांच्या राशी रचलेल्या असतात आणि रथ जवळ आला म्हणजे लोक ते एकामागून एक रस्त्यावर फोडतात. तमिळांच्या बरोबरीनें चिनी लोकहि नवस फेडीत होते. आम्हीं आयुष्यभर नारळ मोजून विकले आहेत. सौ. नें संवयीनें मोजावयास आरंभ केला आणि शंभराच्या आंतच सोडून दिला. रस्ता पांढरा झाला होता, पायांखालीं नारळाचें पाणी वाहत होतें, आणि फावड्यांनीं खोबरें बाजूस ओढणारीं माणसें मागून येत होतीं. त्या हंगामांत मलेशियांत नारळाची तूट होती. आपल्याकडेहि भाव चढलेले होते. एका माडामागें किती वेळां पाड्यास वर चढवावें लागतें, हें ज्यास ठाऊक आहे त्याच्या जिवास तें पाहवत नाहीं. आणि तरी त्या लोकांच्या मुद्रेवरचा भाव पाहून बोलवतहि नाहीं. शेजारच्या एका चिनी गृहस्थानें हंसत सौ. च्या हातांत एक नारळ दिला. तिनें तो पदपथाच्या कडेवर बेतानें मारला, नीट दोन भकलें केलीं, पाणी रथाच्या दिशेस शिंपडलें आणि भकलें पिशवींत घातलीं. तो गृहस्थ पाहतच राहिला. रात्रीं आम्हीं तें खोबरें लाडवांबरोबर खाल्लें.

आतां ज्या दिवसासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतों. बेटाच्या पश्चिम अंगास डोंगराच्या पलीकडे बालिक पुलाऊ नांवाचें गांव आहे. शहरांतून ४०१ क्रमांकाची बस धरली म्हणजे दीड तासांत तेथें जातां येतें. या बाजूच्या डोंगरउतारावर दुरियान, लवंग आणि जायफळ यांच्या बागा अद्याप आहेत. जायफळ हें मूळचें मोलुक्का द्वीपसमूहांतील बांदा बेटांचें झाड. १७९६ सालीं कंपनीनें तीं बेटें डच लोकांकडून घेतलीं, तेव्हां तेथून जायफळाचीं व लवंगेचीं रोपें जहाजानें पिनांगला आणविलीं. त्यापूर्वीं मिऱ्याची लागवड झाली होती. गेलुगोर या भागांतील डेव्हिड ब्राऊन नांवाचा स्कॉटिश मळेवाला त्या काळीं मसाल्याच्या लागवडीविषयीं प्रसिद्ध होता. पुढें बेटावर जायफळाच्या मोठमोठ्या बागा उभ्या राहिल्या. आणि १८६० च्या सुमारास रोग पडून त्या वाळून गेल्या. जें आज दिसतें तें त्यानंतर लहान बागाईतदारांनीं पुन्हां उभें केलेलें.

बसच्या थांब्यापासून वर चढतांना एका बागेच्या फाटकाशीं एक वृद्ध चिनी बाई जायफळें फोडीत बसलेली दिसली. आम्हांस तिची भाषा येईना, तिला आमची येईना. सौ. तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि एक फळ उचलून तिनें जायपत्री अखंड सोडवून दाखविली. एवढ्यानें ओळख पटली. नंतर बाईचा नातू इंग्रजी जाणणारा होता, तो आला आणि त्यानें बाग हिंडून दाखविली. जायफळास तिकडे ‘बुआ पाला’ म्हणतात. आपल्याकडे पाला म्हणजे पानें, म्हणून सौ. ला त्याचें फार हंसूं आलें. उंच दुरियानांच्या सावलींत जायफळें, उतार असल्यामुळें मुळाशीं पाणी सांचत नाहीं, आणि खालीं पडलेला पालापाचोळा कोणी जाळीत नाहीं.

आमचा खरा प्रश्न नर झाडांचा होता. वाचकांस ठाऊक आहे कीं जायफळांत नर आणि मादी झाड निराळें असतें, बियांपासून केलेल्या रोपास फूल येईपर्यंत, म्हणजे सहा ते आठ वर्षें, तें कोणतें हें समजत नाहीं. आमच्या उरलेल्या नवांपैकीं पांच नर निघाले होते. दहा माद्यांमागें एक नर पुरतो. आमच्याकडे चार माद्यांमागें पांच. ते तोडून टाकावे असें माझें मत, आणि वादळांतून वांचलेलें झाड आपल्या हातानें तोडूं नये असा सौ. चा हट्ट, यावरून घरांत चार वर्षें धुसफूस चालली होती. त्या मुलानें एक जुनें झाड दाखविलें. तें मूळचें नर. छातीएवढ्या उंचीवर कापून, फुटलेल्या धुमाऱ्यांवर मादी झाडाचें कलम बांधलेलें होतें, आणि आतां त्यास फळें लगडलेलीं होतीं. कलमाची काडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची घ्यावी, आडव्या फांदीची घेतल्यास झाड उंच न होतां पसरट होतें, हेंहि त्यानें खुणेनें सांगितलें. केरळांत ही रीत आहे असें मीं वाचलें होतें. परंतु वाचणें निराळें आणि झाडाच्या बुंध्यावरची ती जुनी खूण बोटानें चाचपणें निराळें.

दुसरी गोष्ट सालीची. फळाच्या वजनाचा सुमारें चार पंचमांश भाग वरच्या जाड सालीचा असतो. आपण जायपत्री आणि बी घेतों आणि साल पोफळीच्या मुळाशीं टाकून देतों. फार तर कोणी लोणचें घालतो. तेथें त्या बाईनें सालीचा रस काढून, साखर घालून, त्यांत एक खारवलेला सुका आलुबुखार टाकून आम्हांस प्यावयास दिला. उन्हांतून आलेल्या माणसास त्यासारखें दुसरें पेय नाहीं. गांवांतील लाक्साच्या दुकानांतहि हाच रस विकतात, आणि शहरांतील चौरस्ता बाजारांत (हें नांव आपल्याच ‘चौरस्त्या’चें आहे) सालीच्या पाकांतल्या फोडी, सुकविलेल्या काचऱ्या आणि जायफळाचें तेल यांचीं दुकानेंच्या दुकानें आहेत. साल किसून किंवा चिरून आधीं मिठाच्या पाण्यांत ठेवावयाची, म्हणजे तुरटपणा उतरतो, मग साखर. सौ. नें प्रत्येक प्रकार चाखला, आणि तेलाची एक बाटली गुडघ्यांसाठीं घेतली.

त्याच वाटेवर एका रोपवाटिकेंत मादी जायफळाचीं कलमें विकावयास होतीं. येथें मला मोह पडला, हें कबूल करतों. एक कलम पाण्यांत भिजविलेल्या फडक्यांत गुंडाळून पिशवीच्या तळाशीं कसें बसेल याचा मीं मनांत हिशेबहि केला. सौ. नें कुंडी हातांत घेतली, पुष्कळ वेळ पानें उलटून पाहिलीं आणि परत ठेवली. मीं विचारलें तेव्हां म्हणाली, “वादळ आपण आणलें नव्हतें. यांतून कांहीं आलें तर तें आपण आणलेलें होईल.” मीं पुढें कांहीं बोललों नाहीं. आपल्या देशांत २००३ च्या आदेशान्वयें परवान्यावांचून रोप, बीं किंवा कलमाची काडी बाहेरून आणण्यास बंदी आहे. ती नसती तरी, ज्या बेटावरचीं जायफळें एका रोगानें वाळून गेलीं तेथून लपवून काडी आणून साऱ्या तालुक्याच्या आगरांत सोडणें, हें कोणत्या तोंडानें केलें असतें?

उरलेल्या दिवसांची हकीकत थोडक्यांत देतों. १८८४ सालीं चार्ल्स कर्टिस यानें स्थापिलेलें वनस्पति-उद्यान पाहण्यास फी नाहीं. मात्र माकडें आपल्या आगरांतल्यांसारखींच धीट आहेत, पिशवी संभाळावी. ८३३ मीटर उंचीच्या पिनांग टेकडीवर दोरानें ओढल्या जाणाऱ्या आगगाडीनें जातात. ती प्रथम १९२३ सालीं सुरू झाली आणि हल्लींचे डबे २०११ चे आहेत. परदेशी माणसास आमच्या वेळीं जाण्यायेण्याचे ३० रिंगिट पडले. सबंध सफरींत एवढीच एक चैन. वरून सामुद्रधुनी आणि पलीकडील मुलूख दिसतो. माथेरानची हवा ज्यास ठाऊक आहे त्यास तेथें नवें वाटणार नाहीं. दुसऱ्या बाजूस पाहिलें तर डोंगराच्या पायथ्यापर्यंत उंच इमारती चढत आलेल्या. १९७२ पासून दक्षिण भागांत विजेच्या उपकरणांचे कारखाने निघाले आणि बेटाची सुबत्ता वाढली, त्याबरोबर बागांच्या जमिनींचे भावहि. बालिक पुलाऊच्या मुलानें सांगितलें होतें कीं, आपले दोन्ही भाऊ कारखान्यांत आहेत आणि बाग पाहणारा आपण एकटाच. आमचा मुलगा पुण्यास नोकरीस आहे. त्या विषयावर आमचें बोलणें लांबलें नाहीं.

हिशेब पाहणाऱ्यांसाठीं सांगतों. पारपत्रांस ३,०००, गांव ते मुंबई जाणेंयेणें २,६००, विमान ४१,२००, आणि त्या पत्रिकेचे बुडालेले १,२००. मलेशियांत एकंदर १,२८० रिंगिट लागले: लांबच्या बसगाड्यांस १६०, खोली व कर ४७५, जेवण ३४०, शहरांतील बस व बोट ६२, टेकडी ६०, खरेदी १२० आणि किरकोळ ६३. रिंगिटास वीस रुपयांप्रमाणें ते २५,६०० झाले. यांत विमानाचाच भाग मोठा; तिकीट उशिरां काढलें असतें तर सारा बेत फसता. आणि तेथें मोटार भाड्यानें घेण्याच्या भरीस पडूं नये, बस सर्वत्र जाते.

परत आल्यावर त्याच वर्षाच्या पावसाळ्यांत पांच नरांपैकीं एक राखून चार आम्हीं छातीएवढ्या उंचीवर कापले. कलमाच्या काड्या आमच्याच चांगल्या मादी झाडाच्या घेतल्या. दोन झाडांवर कलमें धरलीं, दोहोंवरचीं वाळलीं. तीं पुन्हां बांधावयाचीं आहेत. मोकळ्या जागेंत लावण्यासाठीं दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या ‘कोंकण सुगंधा’ या जातीचीं कलमें सांगून ठेवलीं आहेत; नारळाखालीं मसाल्याचीं पिकें घेण्याची भाट्ये केंद्राची ‘लाखी बाग’ ज्यांनीं पाहिली असेल त्यांस हें नवें नाहीं. जायफळाच्या सालीचा पहिला घाणा सौ. नें मिठाच्या पाण्यांत एकच रात्र ठेवला, तो तुरट झाला आणि टाकावा लागला. दुसरा दोन दिवस ठेवला. त्याच्या साखरेंतल्या काचऱ्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांनीं दिवाळीच्या सुटींत नेल्या. चाळीस पुड्या चार दिवसांत संपल्या. ते पैसे तिनें पुन्हां निराळे ठेवले आहेत. सुपारी सोलण्याचें यंत्र अद्याप घेतलेलें नाहीं.